बर्फाखालच्या धान्याचा मार्का



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हमालांची संघटना बांधणाऱ्या माणसाने ध्रुवावरच्या बर्फाखालील शेवाळाविषयी का बोलावे? माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मी येथे शास्त्रज्ञ म्हणून उभा नाही. पण एका प्रश्नाशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे. माल कोठून आला, कोणाच्या कष्टाने आला, आणि ते सिद्ध कसे करावयाचे, हा तो प्रश्न. ध्रुवावरच्या समुद्रात शास्त्रज्ञ नेमका हाच प्रश्न विचारीत आहेत असे वाचनात आले, आणि मी त्या विषयाच्या मागे लागलो.

बाजारात पोत्यावर मार्का असतो हे आपण जाणता. हमालाला अक्षर वाचता आले नाही तरी मार्का वाचता येतो. पोते लॉरीतून गोदामात गेले, गोदामातून दुकानात गेले, तरी मार्का पाहून ते कोणाचे ते सांगता येते. पण धान्य एकदा पोत्यातून निघाले, गिरणीत दळले गेले आणि त्याची भाकरी झाली, की मग तो मार्का कोठे राहतो? दोन गावची ज्वारी एकत्र दळली तर भाकरी पाहून कोणता घास कोणत्या गावचा हे कोण सांगणार? ध्रुवीय समुद्राच्या अभ्यासकांपुढे हीच अडचण होती. तेथे धान्य म्हणजे शैवाल, आणि दोन गावे म्हणजे एक बर्फ आणि दुसरे उघडे पाणी.

प्रथम हे बर्फ म्हणजे काय ते पाहू. हिमनग वेगळा आणि समुद्रबर्फ वेगळे. हिमनग हा जमिनीवरील हिमनदीचा तुटून पडलेला तुकडा. त्याचे पाणी गोडे. समुद्रबर्फ म्हणजे खुद्द समुद्राचे पाणी गोठून झालेला थर. आपल्याकडे मिठागरात ऊन पाणी उडवून नेते आणि मीठ मागे राहते. तिकडे थंडी पाणी गोठविते आणि मीठ बाहेर ढकलते. सगळेच मीठ मात्र बाहेर पडत नाही. बर्फाच्या अंगात केसासारख्या बारीक नळ्या राहतात आणि त्यांत तीव्र खारे पाणी साचून राहते. या नळ्यांत, विशेषतः बर्फाच्या तळाच्या काही सेंटिमीटर थरात, सूक्ष्म शैवाल वस्ती करते. त्यांत मुख्य भरणा डायाटमांचा असतो. डायाटम म्हणजे एकाच पेशीचे, काचेसारखे वाळूचे कवच असलेले शैवाल. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाज बर्फात अडकवून घेऊन उत्तर ध्रुवसमुद्रात वाहत गेले होते. त्यांनीही बर्फातले हे जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. तेव्हा बर्फात वस्ती आहे ही गोष्ट जुनीच. त्या वस्तीवर कोण किती जगतो, हे मात्र ठाऊक नव्हते.

हिवाळ्याची लांब रात्र संपून सूर्य वर येऊ लागला, की बर्फातून झिरपणारा मंद उजेड या शैवालाला पुरतो. बर्फाचा तळ तपकिरी होऊन जातो. त्या वेळी बाहेर पाणी अजून झाकलेलेच असते. पुढे बर्फ फुटते, उघड्या पाण्यावर ऊन पडते, आणि मग पाण्यात तरंगणाऱ्या शैवालाचा मोठा बहर येतो. म्हणजे त्या समुद्राला वर्षाकाठी दोन पिके आहेत. बर्फातले पीक लवकरचे आणि बहुतेक ठिकाणी लहान. उघड्या पाण्यातले पीक उशिराचे आणि मोठे. ही वाटणीही सगळीकडे सारखी नाही. किनाऱ्याजवळच्या समुद्रात बर्फातल्या पिकाचा वाटा थोडा असतो, तर कायम बर्फाखाली असलेल्या मध्यभागी तो निम्म्याहूनही अधिक भरल्याचे आढळले आहे.

या पिकावर पहिला हात मारतात ते तांदळाच्या कणीएवढे कवचधारी जीव, ज्यांना कोपेपॉड म्हणतात, आणि आपल्याकडच्या जवळ्याचे भाईबंद शोभतील असे बर्फाला उलटे चिकटून चरणारे जीव. त्यांना ध्रुवीय कॉड मासा खातो. माशाला सील खातो आणि सीलला पांढरे अस्वल खाते. शैवालाचा जो भाग कोणी खात नाही तो तळाशी जातो. तेथे शिंपले, किडे, समुद्रकाकड्या त्यावर जगतात आणि शिंपल्यांवर वॉलरस जगतो. शास्त्रज्ञ याला अन्नसाखळी न म्हणता खाद्यजाळे म्हणतात, आणि ते योग्यच आहे. कारण साखळीला एकच टोक असते, तर जाळ्याचा एक धागा ओढला की दहा गाठी हलतात.

आता प्रश्न असा की, अस्वलाच्या अंगात जे मांस आणि चरबी आहे, तिचे मूळ धान्य बर्फातले की उघड्या पाण्यातले? हा पंडितांचा रिकामा खेळ नव्हे. बर्फ कमी होत आहे. बर्फातले धान्य जर नगण्य असेल, तर अस्वलाला शिकारीसाठी पाय टेकायला जागा उरणार नाही एवढेच नुकसान होईल. पण खालपासून वरपर्यंत सारी वस्ती त्याच धान्यावर असेल, तर नुकसान फार मोठे आहे. ते एका प्राण्यापुरते राहत नाही.

यापूर्वी शोध घेण्याच्या ज्या रीती होत्या त्यांचीही थोडी ओळख करून घेतली पाहिजे. पहिली रीत पोट चिरून पाहण्याची. तिने शेवटचे जेवण कळते. त्या जेवणाचे जेवण कळत नाही. दुसरी रीत चरबीतील आम्ले मोजण्याची. डायाटमांच्या चरबीत काही आम्ले विशेष प्रमाणात असतात, ती खाणाऱ्याच्या अंगात उतरतात. पण डायाटम बर्फातही असतात आणि उघड्या पाण्यातही असतात. तेव्हा जात कळली तरी गाव कळत नाही.

तिसरी रीत कार्बनच्या वजनाची. निसर्गात बहुतेक कार्बन १२ वजनाचा असतो, थोडा १३ वजनाचा. शैवालाला हलका कार्बन घेणे सोपे जाते. उघड्या पाण्यात पुरवठा भरपूर, म्हणून तेथे निवड करता येते. बर्फाच्या नळीत पुरवठा तुटपुंजा. रेशनच्या दुकानात शेवटी उभा असलेला माणूस जसा मिळेल तो तांदूळ घेतो, तसे तेथील शैवाल जड कार्बनही मुकाट्याने घेते. त्यामुळे बर्फातले शैवाल कार्बन-१३ च्या बाबतीत थोडे जड भरते, आणि हा जडपणा खाणाऱ्यांच्या अंगात उतरतो. ही रीत उपयोगी आहे, आणि आजही वापरली जाते. पण हा फरक जागेप्रमाणे व हंगामाप्रमाणे बदलतो, आणि प्रत्येक पायरीवर अंगची पचनक्रिया त्यात थोडी ढवळाढवळ करते. दोन्ही पिकांचे आकडे कधी कधी इतके जवळ येतात की निवाडा देता येत नाही.

म्हणून असा मार्का हवा होता जो दळणात पुसला जात नाही, भाकरीत भाजला जात नाही, आणि जो एकाच गावचा असतो. तो सापडला इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठात. तेथील रसायनशास्त्रज्ञ डायाटमांनी तयार केलेल्या एका विशिष्ट जातीच्या तेलकट पदार्थांचा अनेक वर्षे अभ्यास करीत होते. हे पदार्थ नुसत्या कार्बन आणि हायड्रोजनचे असतात आणि त्यांच्या कार्बनच्या साखळीला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. सायमन बेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली यांतील एक पदार्थ समुद्रबर्फाची खूण म्हणून जाहीर केला आणि त्याचे नाव ठेवले आयपी-२५. बर्फाची साक्ष देणारा २५ कार्बनांचा पदार्थ, असा त्या नावाचा अर्थ. त्याच्या एका रेणूत कार्बनचे २५ अणू, हायड्रोजनचे ५०, आणि एक दुहेरी बंध.

हा मार्का बर्फातलाच कशावरून? २०१४ साली या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळाले. बर्फातील डायाटम एकेक वेचून तपासले, तेव्हा हॅस्लिया वंशातील काही जाती आणि प्ल्युरोसिग्मा वंशातील एक प्रकार हा पदार्थ तयार करतात असे दिसले. या जाती बर्फातल्या एकंदर डायाटमांत फारच थोड्या, शेकडा पाचाच्या आतबाहेर असतात. पण त्या उत्तर ध्रुवसमुद्रात जवळजवळ सर्वत्र आढळतात. हजार माणसांच्या मोर्चात झेंडा धरणारे थोडेच असतात, पण मोर्चा कोणाचा हे झेंड्यावरूनच ओळखतात. तसेच हे आहे.

दुसरी कसोटी इतिहासाची. समुद्राच्या तळाचा गाळ थरावर थर साचत जातो. आइसलंडच्या उत्तरेकडील गाळात गेल्या सुमारे हजार वर्षांच्या थरांतून हा पदार्थ मोजला गेला. आइसलंडच्या लोकांनी आपल्या किनाऱ्याला बर्फ केव्हा लागले याच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या आहेत. गाळाची साक्ष त्या नोंदींशी जुळली. लिहिता न येणारा साक्षीदार आणि लिहून ठेवणारा साक्षीदार, दोघांची जबानी एक आली. न्यायालयात यापेक्षा अधिक काय मागतात?

पण एका बाजूचा मार्का असून भागत नाही. दुसऱ्या गावचाही मार्का हवा. तोही मिळाला. याच कुळातील, तीन दुहेरी बंध असलेला एक पदार्थ उघड्या पाण्यातील डायाटम तयार करतात. मग दोन्हींचे एकमेकांशी प्रमाण काढून एक आकडा बसविण्यात आला. त्याला एच-प्रिंट म्हणतात. बोटाच्या ठशासारखा तो ठसा. आकडा शून्याकडे असेल तर धान्य बर्फाचे, शंभराकडे असेल तर उघड्या पाण्याचे. मोजण्याची रीतही सरळ आहे. यकृताचा किंवा चरबीचा तुकडा घेऊन द्रावकाने त्यातील तेल काढावयाचे, वाळूच्या बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून ते गाळून नको ते बाजूला सारावयाचे, आणि उरलेले अशा यंत्रात घालावयाचे की जे रेणूंना उष्णतेने वेगळे करून एकेकाचे वजन सांगते. आयपी-२५ चे वजन ३५० भरते. प्राण्यांच्या अंगात हे पदार्थ तयार होत नाहीत. तेव्हा जे आढळले ते खाण्यातूनच आले, हे उघड आहे.

आता निकाल ऐका. कॅनडाच्या उत्तर भागातील ५५ पांढऱ्या अस्वलांच्या यकृताचे नमुने या रीतीने तपासण्यात आले आणि २०१८ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अस्वलांच्या अंगातील कार्बनपैकी शेकडा ७२ ते १०० भाग, सरासरीने शेकडा ८६, बर्फातील शैवालापासून आलेला होता असा तो हिशेब आहे. अस्वल कधी शैवाल खात नाही. त्याचे आणि शैवालाचे तोंडही एकमेकांना दिसत नाही. तरीसुद्धा त्याच्या अंगातील बहुतेक कमाई त्या न दिसणाऱ्या वस्तीची आहे. हे नमुने मिळाले कसे, हेही सांगितले पाहिजे. ते तेथील इन्युइट शिकाऱ्यांनी आपल्या उदरनिर्वाहासाठी केलेल्या शिकारीतून मिळाले. शोधनिबंधाच्या मुळाशीही असे कोणाचे तरी हात असतात.

२०२३ साली याहून मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तर ध्रुवसमुद्राच्या उथळ भागांतील १५५ जातींच्या प्राण्यांचे २,३०० हून अधिक नमुने त्यात होते. किडे, शिंपले, मासे, पक्षी, सील, देवमासे, अस्वले, सारेच होते. तपासलेल्या जीवांपैकी शेकडा ९६ जीवांत बर्फाचा मार्का सापडला. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत बारा महिने सापडला.

लवकरचे, लहानसे, काही आठवड्यांचे पीक. ते बारा महिने कसे पुरते? याचे उत्तर आपल्या घरातल्या आयाबहिणींना चटकन सुचेल. ते बेगमीचे धान्य आहे. बर्फातले शैवाल गोळ्यांनी, पुंजक्यांनी तळाशी पडते. तेथे थंडी असते. ते हळूहळू कुजते. तळाचा गाळ ही त्या समुद्राची कणगी आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या ‘पोलारस्टर्न’ जहाजावरील शास्त्रज्ञांनी मध्य ध्रुवसमुद्रात कॅमेरे खाली सोडले, तेव्हा सुमारे ४,००० मीटर खोलीवर मेलोसिरा नावाच्या बर्फ-शैवालाचे पुंजके पडलेले दिसले आणि समुद्रकाकड्या त्यावर चरत होत्या. पीक वर बर्फात, आणि जेवणावळ चार किलोमीटर खाली!

शिवाय वेळेलाही किंमत असते. मोठे पीक भाद्रपदात येणार असेल म्हणून ज्येष्ठ-आषाढातली भूक थांबत नाही. एका जातीच्या कोपेपॉडची मादी बर्फातले लवकरचे शैवाल खाऊन अंडी घालते, आणि पिले वाढीला लागेतो उघड्या पाण्यातला बहर येतो. पहिले पीक आईला, दुसरे लेकरांना. बर्फ लवकर फुटले की या दोन हंगामांतले अंतर बिघडते. मग एकंदर शैवाल वाढले असे आकडे कोणी दाखविले, तरी ते भुकेच्या वेळी हजर नसेल तर त्याचा उपयोग काय? वर्षाची सरासरी मजुरी दाखवून पावसाळ्यातली उपासमार झाकण्याचा हिशेब आम्ही कामगारांनी पुष्कळ पाहिला आहे.

मार्क्याच्या मर्यादाही आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे. मागणीपत्रात सिद्ध करता येईल तेवढेच लिहावे, म्हणजे बोलणी टिकतात. पहिली मर्यादा अशी की, मार्का सापडला म्हणजे तो प्राणी बर्फावाचून जगूच शकणार नाही असे सिद्ध होत नाही. खाल्ले एवढे सिद्ध होते. दुसरे काही खाऊन निभले असते काय, हे होत नाही. दुसरी मर्यादा, एच-प्रिंट दोन पिकांचे परस्पर प्रमाण सांगतो; एकंदर किती शेर खाल्ले ते सांगत नाही. तिसरी, हे पदार्थ वेगवेगळ्या प्राण्यांच्या अंगात किती काळ टिकतात यावर आकड्याचा अर्थ अवलंबून असतो. चौथी, बर्फातील बहुतेक शैवाल हा मार्का तयार करीतच नाही. थोड्या जाती साऱ्या वस्तीच्या वतीने साक्ष देतात. म्हणून शहाणे अभ्यासक हा मार्का, कार्बनचे वजन आणि चरबीची आम्ले या तिन्ही साक्षी एकत्र ठेवून बोलतात.

दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाच्या समुद्रात, आयपी-२५ सापडत नाही. तेथे त्याचा दोन दुहेरी बंध असलेला भाऊ सापडतो. बर्फाच्या तळाशी राहणारा बर्कलेया नावाचा डायाटम तो तयार करतो असे दाखवून २०१६ साली त्याला आयपीएसओ-२५ हे नाव देण्यात आले. तिकडचे सारे जग क्रिल नावाच्या जवळ्यावर उभे आहे. देवमासे, पेंग्विन, सील, सारे त्याचे गिऱ्हाईक. या क्रिलची पिले पहिला हिवाळा बर्फाच्या तळाशी खरवडून काढतात.

हे सारे फार दूरचे आहे असे आपणांस वाटेल. पण भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात निघाली ती गोव्याहून, आणि ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था आजही गोव्यात वास्को येथे आहे. उत्तरेकडे स्वालबार्ड बेटावर ‘हिमाद्री’ नावाचे भारताचे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. म्हणजे या जाळ्याची एक गाठ आपल्या कोकणपट्टीच्या शेजारीच बांधलेली आहे.

आणि बर्फाची स्थिती काय आहे? उपग्रहाने मोजणी सुरू झाली १९७९ पासून. तेव्हाच्या दशकात उत्तर ध्रुवसमुद्रावर सप्टेंबर महिन्यात, म्हणजे बर्फ सर्वांत कमी असते त्या वेळी, साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. २०१२ च्या सप्टेंबरात ते सुमारे ३४ लाखांवर आले. आपल्या भारत देशाच्या क्षेत्रफळापेक्षा थोडेसेच अधिक. तो नीचांक दरवर्षी गाठला जातो असे नाही, पण एकंदर उतार दर दशकाला शेकडा बाराच्या आसपास आहे. हा उतार मनुष्याने जाळलेल्या कोळशाने आणि तेलाने आणला आहे. ज्या इन्युइटांच्या घरी सील आणि वॉलरस शिजतो, त्यांनी तो कोळसा फारसा जाळलेला नाही. नुकसान मात्र पहिल्याने त्यांच्या ताटात उतरते.

मला या संशोधनातून जे घ्यावेसे वाटले ते एवढेच. पांढऱ्या अस्वलाचे चित्र सगळ्यांनी पाहिले आहे; बर्फाच्या तळाचा तो तपकिरी थर कोणी पाहिलेला नाही. चित्र अस्वलाचे निघते, पोट मात्र शैवाल भरते. जोपर्यंत त्या शैवालाच्या कमाईला मार्का नव्हता, तोपर्यंत ती कमाई मोठ्या पिकाच्या खाती सहज जमा होऊ शकत होती. प्रयोगशाळेत चिकाटीने बसून काही माणसांनी तो मार्का शोधला, त्याची उलटतपासणी केली, त्याच्या मर्यादा स्वतःच सांगितल्या, आणि मगच हिशेब मांडला. आता बर्फ गेले तर काय जाईल, हे कोणाला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. हिशेब मांडला गेला आहे. तो वाचावयाचा की नाही, आणि वाचून काय करावयाचे, हे तुम्हाआम्हांवर आहे.